लंगोट आणि थायरॉईड

इलाही माझ्या पाठीवर बसला होता आणि मला झोप लागली.

खोटं वाटेल, पण असंच झालं. पहाटेचे पाच. कुस्तीच्या हौद्यातली माती ताक आणि तेल घालून मऊ केलेली. इलाहीनं पाय ओढून, म्हणजे पट काढून, मला खाली आणलेलं, वर कब्जा घेऊन मानेवर कोपर रुतवलेलं. अशा वेळी माणूस उठायला धडपडतो, शिव्या घालतो, निदान कण्हतो तरी. मी घोरायला लागलो.

"वस्ताद!" इलाही ओरडला. "ह्यो मेला का काय बघा की!"

"मेल्यालं माणूस घोरत न्हाई," हिंदूराव वस्ताद म्हणाले आणि त्यांच्या काठीचं टोक माझ्या बरगडीत घुसलं. "संत्या, ऊठ."

उठलो. म्हणजे उठायला लागलो आणि बऱ्याच वेळानं उभा राहिलो. तालमीतली चाळीस पोरं जोर मारायची थांबून माझ्याकडं बघत होती. सगळी उघडी, घामानं निथळणारी. चैत्र महिना, कोल्हापुरात पत्र्याखाली पहाटेसुद्धा उकडतं. आणि मी मात्र हौद्यातून बाहेर आलो तो थेट खुंटीवरच्या स्वेटरकडं गेलो.

"काय करालाईस?"

"थंडी वाजतीया, वस्ताद."

"चैतात?"

"व्हय."

वस्ताद सत्तरीला आलेले. दोन्ही कान कुस्तीत फुटून भज्यासारखे झालेले, पण नजर घारीची. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पोरांकडं वळून बोलायला लागले, जसा काही मी बाजारात उभा केलेला रेडा.

"आठ म्हयन्यामागं ह्यो गडी मैदान मारून आल्ता. आता बघा. तोंड सुजल्यालं. आवाज बेडकागत. वजन किती रं?"

"त्र्याऐंशी."

"आणि खेळतोस किती किलोत?"

"चौऱ्याहत्तर."

"ऐकलं? आता सांगा पोरांनो, पैलवानाची ताकद कुठनं गळती?"

चाळीस मुंड्या खाली गेल्या. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ते वस्तादांनीच दिलं.

"लंगोटातनं."

तालमीबाहेरच्या माणसाला ह्यातलं कळायचं नाही म्हणून सांगतो. पैलवानानं ब्रह्मचर्य पाळायचं, बाईच्या वाटेला जायचं नाही. जो गेला त्याचा लंगोट ढिला. हा शिक्का एकदा बसला की कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत वळकटी टाकायला जागा मिळत नाही. चोराला मिळेल, दारुड्याला मिळेल, ढिल्या लंगोटाला नाही.

"मारुतीची शपथ, वस्ताद, मी कुठं..."

"त्याला मधी घेऊ नको. त्याला बी लाज वाटंल." वस्तादांनी काठी हौद्याच्या काठावर आपटली. "नागपंचमीला ह्याच हौद्यात इलाहीसंगं कुस्ती धर. वीस मिनटं टिकलास तर ऱ्हा. न्हाई टिकलास तर वळकटी उचलायची. आणि का उचलली ते मी सांगणार. सगळ्या पेठंला."

खरं सांगू? त्या वर्षी माझ्यात बाईकडं बघायचंसुद्धा बळ नव्हतं. बघायला डोळे उघडे लागतात. ज्या गुन्ह्याला लागणारा दमच माझ्यात उरला नव्हता, नेमका तोच गुन्हा त्या म्हाताऱ्यानं माझ्या नावावर घातला. त्याचा राग मला आजही येतो. तेव्हा मात्र राग यायलाही ताकद लागते हे कळत होतं. मी स्वेटर घातला आणि कोपऱ्यात जाऊन पुन्हा झोपलो.

दुपारी इलाही माझ्या उशाशी येऊन बसला. इलाही मुजावर म्हणजे माझा जोड. चार वर्षं रोज मी त्याला आपटायचो, तो मला आपटायचा.

"संत्या, खरं सांग. कोण हाय ती?"

"कोण न्हाई रं."

"मला बी तसंच वाटतंय. आमच्या मामाचा पोरगा हाय बघ, त्याचा लंगोट कवाचाच सुटलाय. लई टवटवीत दिसतोय लेकाचा. तू असला न्हाईस. तू भिजल्या पोत्यागत दिसतोस. चल दवाखान्यात."

"पेठंतल्या डॉक्टरला दावलंय की. नाडी बघून म्हणाला, अठ्ठेचाळीस, पैलवानाची नाडी, व्वा! आणि टॉनिक दिलं."

"टॉनिकनं काय झालं?"

"झोप चांगली लागती."

इलाहीनं मला गाडीवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत मला डुलकी लागून मी पडू नये म्हणून टॉवेलानं स्वतःच्या कमरेला बांधलं. चौकातली पोरं हसत होती. हसू द्यात.

डॉ. मगदूम मॅडम अंगानं काडी, चष्मा नाकावर घसरलेला, समोर पेशंटची रांग. मान वर न करता म्हणाली, "काय होतंय?"

"काय न्हाई. जरा अंग जड..."

मान वर झाली. "परत बोल."

"काय बोलू?"

"आवाज असा कधीपासून आहे?"

"कसा?"

"सेल संपलेल्या रेडिओसारखा."

इलाही खो खो हसला. तिनं त्याला नजरेनंच गप्प बसवलं. मग प्रश्नांचा मारा. झोप किती? थंडी वाजते? कातडी कोरडी? पायात गोळे येतात? शौचाला?

"चार दिवसांनी," मी म्हणालो.

"आणि खातोस किती?"

"पैलवानाएवढं."

"मग ते सगळं जातं कुठं?"

"अंगाला लागत असंल वाटलं."

तिनं मला स्टुलावर गुडघे टेकून, पावलं मागं लोंबकळत ठेवून बसायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाऊल झटक्यात मागं गेलं. आणि सावकाश, आळस दिल्यासारखं, जागेवर आलं. तिनं पुन्हा मारलं. पुन्हा तसंच.

"बघितलंस?" ती इलाहीला म्हणाली. "पाय गेला, आणि परत यायचं विसरला. ह्याचं रक्त काढा."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तिनं कागदावर बोट ठेवलं. "थायरॉईड."

इलाहीच मधी बोलला. "मॅडम, रिपोर्ट बदलला असंल. त्यो बायकांला होतोय."

"थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी आहे. मंगळसूत्र नव्हे. ती दोघांनाही असते." चष्मा वर सरकवून ती माझ्याकडं वळली. "बायकांना हा आजार जास्त होतो, खरं आहे. पण पुरुषाला झाला तर कुणी तपासतच नाही. तुमच्या तालमीत पहाटे पोरांना कोण उठवतं?"

"वस्ताद. हाका मारून."

"तसा मेंदू ह्या ग्रंथीला हाका मारतो. त्या हाकांचा आकडा ह्या कागदावर आहे. चारपर्यंत असावा. तुझा शंभराच्या वर गेलाय. वरून घसा फोडून हाका चालल्यात आणि ग्रंथी काही उठत नाही. ती उठली नाही की सगळं मंद. हृदय मंद, आतडी मंद, डोकं मंद."

"डोकं आधीपासनंच," इलाही म्हणाला.

"पण ती झोपली कशानं?" मी विचारलं.

"झोपली नाही, तिला बडवलंय. तुझ्या अंगातले राखणदार असतात ना, रोगाशी लढणारे, त्यांनी तिला चोर समजून धोपटलंय. तुझा ह्यात काही दोष नाही."

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. आजारी पडल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. पैलवान रडत नाही, म्हणून मी खोकलो.

तिनं गोळी लिहून दिली. "ग्रंथी जे बनवत नाही, ते ह्या गोळीत आहे. रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर तासभर पोटात दुसरं काही नाही. दीड महिन्यानं ये."

"किती दिवस घ्यायची?"

"जन्मभर."

"जन्मभर?"

"जन्मभर जेवणार आहेस ना? त्याचा कधी कंटाळा येतो का?"

बाहेर आल्यावर इलाही म्हणाला, "वस्तादांस्नी सांगू या."

"येडा हाईस? काय सांगू? मला बायकांचा रोग झालाय? लंगोट ढिला म्हणत्यात त्येच बरं म्हणायची पाळी येईल." शिवाय तालमीत गोळी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच गोळी येते, अंग फुगवायची. त्या गोळ्या खाणाऱ्या दोघांना वस्तादांनी काठीनं बडवून हाकललं होतं. मी इलाहीला मारुतीसमोर उभं करून गप्प राहायचं वचन घेतलं. तो म्हणाला, मारुती माझा नव्हं, पण देतो.

आता माझा गाढवपणा सांगतो.

मॅडम पाण्याबरोबर म्हणाली, ते मी दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पण मनात म्हटलं, बाई आहे, शिकलेली आहे, खुराकातलं हिला काय कळतंय? पाण्यानं घेतलेली वस्तू मुतावाटे जाते. दुधानं घेतलेली अंगाला लागते. हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बदाम असोत, तूप असो, शतावरी असो, जे काही अंगी लागायला हवं ते दुधातून पोटात घालायचं. मग एवढी महागाची ताकद पाण्यात घालवू?

आमच्या पेठेत चौकाच्या कडेला म्हशी उभ्या करतात. गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ दूध तांब्यात ओतून हातात देतो. ऊन-ऊन, म्हशीच्या अंगाच्या उबेचं. जोर-बैठका झाल्या की आम्ही सगळे त्या कट्ट्यावर. मी मुठीत गोळी लपवून न्यायचो, जांभई दिल्यासारखं करून तोंडात टाकायचो आणि वर लिटरभर धारोष्ण. मग दुसरा तांब्या, गोळी नीट मुरावी म्हणून. तालमीत आलो की थंडाई. शिवाय दर शनिवारी मारुतीचा उपास, म्हणून शनिवारी गोळी बंद. देवाच्या दिवशी विलायती वस्तू पोटात कशाला?

दीड महिना मी हे व्रत पाळलं. वजन चौऱ्याऐंशी झालं. मे महिन्यात मी गोधडी घेऊन झोपत होतो. वस्ताद बोलायचे बंद झाले होते, आणि ते जास्त वाईट होतं. पोरं माझ्यापासून लांब बसायची, जसा काही ढिलेपणा उडून अंगावर येतो.

दुसरा रिपोर्ट बघून मॅडमचा चष्मा नाकाच्या टोकावर आला.

"आकडा अजून एकाहत्तर. गोळी घेत नाहीस."

"घेतोय! इलाहीला इचारा."

"घेतोय मॅडम. मी बघतोय रोज," इलाही म्हणाला.

तिनं डोस वाढवायला पेन उचललं. मग खाली ठेवलं. रांगेतली माणसं कुरकुरत होती तरी ती खुर्चीला टेकून बसली.

"पहाटे डोळे उघडल्यापासून सांग. मिनिटामिनिटाचं. काही गाळायचं नाही."

"चारला उठतो. तांब्या घेऊन जाऊन येतो. म्हणजे जातो, येतो, होत काय न्हाई. मग हौदा खणायचा. मग जोर. मग लढत. मग कट्ट्यावर."

"कसला कट्टा?"

"म्हशीचा. दुधाचा."

"आणि गोळी?"

"तिथंच की. दुधासंगं."

मॅडम खुर्चीत पुढं सरकली.

"किती दूध?"

"दोन लिटर. जरा जास्तच घेतो हल्ली. गोळी अंगाला लागावी म्हणून."

मॅडमनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. आणि हसणं संपल्यावर जी चिडली, तशी चिडलेली बाई मी पुन्हा बघितली नाही.

"अरे माणसा! उपाशीपोटी म्हणजे काय सांगितलं होतं मी?"

"उपाशीच असतोय की. दूध म्हणजे काय खाणं हाय व्हय?"

"दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे खाणं नाही?"

"खाणं म्हणजे भाकरी."

"ऐक. दुधात कॅल्शियम असतं. ते गोळीला आतड्यात मिठी मारतं आणि सोडत नाही. गोळी रक्तात उतरतच नाही. तशीच बाहेर."

"बाहेर तर काय येतच न्हाई मॅडम, चार-चार दिवस..."

"गप्प बस!"

इलाही हळूच म्हणाला, "म्हंजे दूध गोळीवर कब्जा घेऊन बसतंय, मॅडम."

ती थांबली. "अगदी बरोबर. ह्याला कळलं. तुला कळलं का?"

मला कळलं. माझ्या पाठीवर इलाही बसला होता तसंच.

"डोस वाढवत नाही," ती म्हणाली. "तोच डोस, पण उठल्या उठल्या, पाण्याबरोबर. सातही दिवस, शनिवारी पण. मारुतीला सांग मगदूम मॅडमनं सांगितलंय. दूध पुढं चार तासांनी पी, पाहिजे तेवढं."

"पण पहाटे सगळी जागी असत्यात. पाणी प्यालो तर वस्ताद ओरडत्यात. लढतीआधी पाणी न्हाई प्यायचं."

"मग कुठंतरी लपून गिळ."

चारला पोरगं न पोरगं तांब्या घेऊन जिथं जातं, तिथं कडी लावून बसल्यावर कुणी बघत नाही. तांब्यात पाणीही असतं. मी पुढच्या वेळी मॅडमला ही जागा सांगायला गेलो, तर तिनं हात वर केला, "पुढचं मला सांगू नकोस, रिपोर्ट तेवढा दाखव."

आणि सकाळचं कट्ट्यावरचं दूध बंद. गवळी विचारायचा, "पैलवान, म्हशीवर रुसलासा काय?" मी म्हणायचो पोट बिघडलंय. दूध दुपारी एकटाच जाऊन प्यायचो, चोरासारखा.

पहिले पंधरा दिवस काहीच नाही. मग एका पहाटे मी जोर मारत होतो आणि डोळ्यात काहीतरी चुरचुरलं. हातानं पुसलं. ओलं. मला वाटलं पत्रा गळतोय. वर बघितलं. मग कपाळ चाचपलं.

"इलाही," मी कुजबुजलो. "घाम."

"काय?"

"मला घाम आलाय रं!"

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच्या छातीला पुसला, गुलाल लावावा तसा. येडा माणूस.

त्यानंतर गाडी उताराला लागली. स्वेटर खुंटीवरच राहिला. आवाज परत आला. एकदा मी आंघोळीत ओरडलो तर मलाच दचकायला झालं. चार दिवसांची वारी रोजची झाली, त्याचा आनंद ज्याला झालाय त्यालाच ठाऊक. वजन मात्र हटून बसलं होतं. मॅडम म्हणाली, ते सगळं काही ग्रंथीच्या माथी मारू नको, थोडं तुझं खाण्याचंही आहे. ऐंशीवर येऊन थांबलं. पण ते आता माझं वजन होतं. मी ते उचलून फिरत नव्हतो, ते माझ्याबरोबर चालत होतं. नागपंचमीच्या आधी आठ दिवस रिपोर्टातल्या हाकांचा आकडा निघाला नऊ. मॅडमनं फक्त "हं" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नागपंचमीला हौद्याची पूजा झाली. नारळ फुटला. तालमीतली चाळीस आणि पेठेतली आणखी पन्नासेक माणसं काठावर, खिडक्यांत, मागच्या कट्ट्यावर उभी. चैत्रातलं बोलणं पेठेत आधीच पोचलेलं होतं. वस्तादांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"सोडणार न्हाई हं," हात मिळवताना इलाही म्हणाला.

"सोडलास तर जीव घेईन."

त्यानं सोडलं नाही. तिसऱ्या मिनिटाला पट काढून मला खाली घेतलं आणि मानेवर कोपर रुतवून बसला. तीच माती, तेच कोपर. मी जागा होतो. लख्ख जागा. कोपर इतकं दुखत होतं की मला आनंद झाला. मी कंबर वर घेतली, फिरलो, सुटलो. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग पुढची सतरा मिनिटं दोघांनी एकमेकांचं जे काय करायचं ते केलं. एकदा त्यानं ढाकेचा डाव लावला, मी कडेच्या दगडाला पाय रोवून वाचलो. एकदा मी त्याला उचलला आणि तो मांजरासारखा पोटावर पडला. कुणीच चीत झालं नाही. वस्ताद "बास" म्हणाले तेव्हा आम्ही एकमेकांना धरूनच उभे होतो, कारण सोडलं असतं तर दोघंही पडलो असतो.

टाळ्या. आरोळ्या. वस्ताद उठले, हौद्यात उतरले, माझा हात धरून वर केला. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. आणि ते बोलायला लागले.

"बघितलंसा? ह्याला म्हणत्यात वस्तादाचा धाक! ह्यो गडी चैतात घसरला हुता. मी चार लोकांत बोललो. लागलं त्याला. पण सुधारला! लंगोट आवळला आणि गेलेली ताकद माघारी आली. पोरांनो, ध्यानात ठेवा. घसरल्याला बी सावरता येतंय!"

पुन्हा टाळ्या. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या. म्हातारी माणसं कौतुकानं मान हलवत होती: चुकला होता, पण सुधारला.

इलाही माझ्या कानाला लागला. "गप ऱ्हा, संत्या. जागा ऱ्हायली, नाव झालं. पाया पड आणि मोकळा हो."

त्याचं बरोबर होतं. वाकायचं, पाय धरायचे, संपलं. मी वाकलोसुद्धा. अर्धा वाकलो आणि अडकलो. ह्या पायांना हात लावला की चैत्रात मी घसरलो होतो हे माझ्याच तोंडानं खरं ठरणार होतं. जे केलं नाही त्यातून सुधारायचं कसं?

मी सरळ झालो. हौद्यातून बाहेर पडलो, ट्रंक उघडली आणि गोळ्यांचं पाकीट आणून वस्तादांच्या तळहातावर ठेवलं.

"ह्यानं सुधारलो."

टाळ्या थांबल्या. वस्तादांचा चेहरा काळवंडला. "गोळ्या? माझ्या तालमीत गोळ्या खाल्ल्यास?" काठी उचलली गेली.

"त्या गोळ्या न्हवं. मला थायरॉईड झालाय, वस्ताद. गळ्यातली गाठ काम करंना झालीया. सरकारी दवाखान्यातलं रिपोर्ट हाईत ट्रंकेत."

"थायरॉईड?" कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं. "आरं, ते आमच्या बायकूला हाय!"

सगळी तालीम हसली. मी ते हसणं अंगावर येऊ दिलं. वाटलं होतं तेवढं लागलं नाही. इलाहीचं कोपर जास्त लागलं होतं.

"व्हय, तुझ्या बायकूला हाय तेच," मी म्हणालो. "ती बी आळशी म्हणून शिव्या खात असंल तुझ्या. थंडी वाजती, झोप येती, अंग सुजतंय, हाय का न्हाई? मला बी तेच. तुम्ही तिला आळशी म्हणतासा, मला ढिला म्हणालासा. एवढाच फरक."

कट्ट्यावरचा तो गडी मागं सरकला.

वस्ताद पाकीट उलटंसुलटं करून बघत होते. "कवा घ्यायची ही?"

"पहाटं. पाण्याबरोबर. दूध पुढं चार तासांनी."

"चार तास दूध न्हाई?" आजारापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. "दूध वाईट म्हणती व्हय ती डॉक्टरीण?"

"न्हाई म्हणत. दूध गोळीवर कब्जा घेऊन बसतंय. उठू देत न्हाई."

वस्तादांनी विचार केला. फुटका कान चोळला. कब्जा त्यांना कळत होता; उभा जन्म त्यातच गेला होता. त्यांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं, खाली वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्या छातीला लावायला हात पुढं केला. वस्तादाच्या हातची माती म्हणजे आशीर्वाद. तिच्यासाठी पोरं वर्षानुवर्षं वाट बघतात.

मी त्यांचं मनगट धरलं.

तालमीत कुणी वस्तादांचा हात धरत नाही. इलाहीनं डोळे मिटले.

"माती नगं, वस्ताद. चैतात चार लोकांत बोललासा, आता तिथंच बोला."

"काय बोलू?"

"जे खरं हाय ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात सोडवून घेतला, माती खाली टाकली आणि माझ्या कानाशी येईल एवढ्याच आवाजात पुटपुटले, "घट्ट हुता."

"मागं कट्ट्यावर ऐकू गेलं न्हाई, वस्ताद."

आता हा मला काठीनं मारणार, असं मला वाटलं. इलाहीलाही वाटलं असावं, कारण तो एक पाऊल पुढं आला. वस्तादांनी दोघांकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला, लोकांकडं वळले, आणि पहाटे चारला पोरांना उठवतात त्या आवाजात ओरडले,

"ह्याचा लंगोट घट्ट हुता! ऐकलं का रं सगळ्यांनी? घट्ट हुता! माझंच डोळं फुटलं हुतं!"